पहिल्या घागरीचा मान

"जिवंत आहे त्याले पुसून घेत जाय, गोकुळा. गेलेल्या मानसाच्या पाया पडता येते, त्याले काई पुसता येत नाई."

सासूबाई हे बोलल्या होत्या ते धानाच्या बियाण्याबद्दल. कोणत्या बांधीत कोणतं धान पेरायचं ते जाणत्यांना विचारून ठेव, एवढाच त्यांचा अर्थ. पण त्या, धुरपताबाई, गेल्या, त्यांचा आवाज गोकुळाच्या कानात राहिला आणि अर्थ मात्र तिनं आपल्या मनाजोगा लावून घेतला. तेव्हापासून ती पुसतच सुटली होती. लग्नात, बारशात, आठवडी बाजारात, जिथे म्हणून निकुऱ्यांच्या घराण्यातलं एखादं पिकलं माणूस भेटेल तिथे ही पदर सावरून त्याच्या पायाशी बसायची. "तुमच्या आज्याचं नाव काय होतं जी? त्याईले भाऊ किती?"

पुसणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. घरात आलेल्या सुनांना सगळं ठाऊक असायचं, पण सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं, सासूचं नाव त्यांच्या ओठावर यायचं नाही. लेकींना नाव घ्यायची मुभा, तर त्या कळायच्या आधीच परघरी गेलेल्या. एका म्हाताऱ्या सुनेनं तर अर्धी दुपार खाल्ली.

"मंगळवाराच्या मांगून कोनता वार येते, सांग?"

"बुधवार."

"हां. मंग तेच."

"बुध्या?"

"अवं, मान दे ना मानसाले! पनजा होय तो तुह्या नवऱ्याचा."

असे बुधाजी सापडले. गोकुळाला लिहिणं-वाचणं बेताचंच येई. तिनं बुधाजींसाठी एक मोठा चिंचोका निवडला आणि बटव्यात टाकला. पुरुषाला चिंचोका, बाईला गुंज, अशी तिची रीत. सकाळी तुळशीला पाणी घातलं, सोमवार असला तर महादेवाला बेल वाहिला, की ती सारवलेल्या ओसरीवर बटवा उपडा करायची आणि घराणं मांडायची. वर बुधाजी. खाली त्यांचे दोन लेक, लटारू आणि बिरजू. लटारूच्या खाली आरमोरीचे निकुरे, बिरजूच्या खाली वैरागडचे, म्हणजे ती स्वतः, नवरा शालिकराम आणि एकुलती एक लेक चंदा.

"मांडला का तुहा सारीपाट?" शालिकराम बैलं सोडता सोडता विचारायचा.

"पितरं होत ते. हासू नोका."

लोक म्हणत, काय श्रद्धा बाईची! गोकुळालाही दिवसभर तसंच वाटे. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून डोळे मिटले की मात्र खरं समोर यायचं. पितरांच्या जागी भागीरथा दिसायची.

भागीरथा आरमोरीची, गुणवंतरावांची बायको, नात्यानं गोकुळाची चुलतजाऊ. रंगानं उजळ, अंगानं भरलेली, हसली की चार घरं ऐकू जाईल असं हसणारी. पोटी तीन मुलगे. नवरा गडचिरोलीच्या तहसिलीत. कोणाकडे कार्य निघालं की आधी भागीरथेला बोलावणं, मग बाकीच्या गोताला. तिनं गोकुळाचं कधी वाकडं केलं नव्हतं. तेच तर गोकुळाला सोसवत नव्हतं. वाकडं केलं असतं तर रागावता आलं असतं.

आणि यंदा घागर भागीरथेकडे जाणार होती.

निकुऱ्यांची रीत अशी. महाशिवरात्रीला सारं गोत मार्कंड्याला जमतं, बैलबंड्या वैनगंगेच्या रेतीत सुटतात. शिवरात्रीच्या पहाटे थोरल्या पातीची, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशाची, सून अनवाणी, कोणाशी न बोलता, नदीतून पितळी घागर भरते आणि काठावरच्या काळ्या फत्तरावर पितरांना पाणी देते. ती घागर रिती झाल्यावर मग बाकीच्यांची आंघोळ आणि देवाचं दर्शन. त्या दिवशी त्या सुनेच्या पाया म्हाताऱ्यासुद्धा पडतात. पंगतीत पहिलं पान तिचं. इतकी वर्षं हा मान आरमोरीच्या रुखमाबाईंचा, म्हणजे भागीरथेच्या सासूचा होता. पोळा झाल्यावर रुखमाबाई वारल्या. आता घागर त्यांच्या सुनेची, हे कोणी कोणाला सांगायचीही गरज नव्हती.

गोकुळाला मात्र काही सांगायचं होतं.

आदल्या दुपारी वैरागडची बंडी रेतीत उतरली तेव्हा आरमोरीवाल्यांचा पाल आधीच उभा होता. तीन दगडांच्या चुलीवर लाखोळीचं वरण रटरटत होतं. भागीरथा हात पुसत धावत आली आणि चंदाला तिनं कडेवरच घेतलं, एवढी वाढलेली पोर.

"बापा बापा, केवढी झाली वं! थांब, तुह्यासाठी बांगड्या आनल्या मी गडचिरोलीहून. लाल पायजे का हिरव्या?"

"दोनी," चंदा म्हणाली.

"हौ, दोनी! मायसारखी लाजू नोको." आणि ती तसं हसली.

गोकुळा बंडीतलं तणस ओढत राहिली. दोन्ही रंगांच्या बांगड्या भरलेले हात नाचवत पोर परत आली तेव्हा तिनं विचारलं, "इतक्या कायले घेतल्या? एका रंगाच्या घ्याच्या." पोरीचं तोंड उतरलेलं पाहून तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं मनात मार्कंडदेवाचं नाव घेतलं. नाव घेता घेता नजर मात्र पलीकडच्या पालावर गेली, जिथे खांबाला टेकवून ती घागर ठेवली होती. चिंचेनं घासून लखलखीत केलेली. भागीरथेनंच घासली असणार.

जेवणं आटोपली. लिंबाच्या सावलीत घोंगड्या पडल्या. मधोमध बापूजी, रुखमाबाईंचा नवरा, घराण्यातला आता सगळ्यांत वडील पुरुष. शेजारी त्यांची थोरली बहीण मैना आत्या. लग्न करून ती इथल्याच चामोर्शीला गेलेली, वयानं इतकी वाकलेली की बसली तरी जमिनीकडेच पाहतेय असं वाटावं. बापूजींनी सुपारी कातरत विषय काढला.

"सकाळी घागर भागीरथा नेईल. काई बोलाचं आहे का कोनाले?"

कोणाला काय बोलायचं असणार? पण शालिकरामनं घसा खाकरला आणि तिथेच थांबला. वाटेत येताना त्यानं बायकोला तीनदा विचारलं होतं, "काऊन उकरून राह्यली तू हे?" आणि तीनदा गोकुळानं बटव्याची गाठ आवळली होती. आता तिनंच पुढे होऊन बटवा सोडला. सासऱ्यांशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती बंडीच्या चाकाकडे तोंड करून बोलली.

"मामाजीले सांगा, का आमाले पाती समजून घ्याची आहे. थोरली कोनती अन् धाकटी कोनती."

"चाकाले काय माहीत पातीचं?" कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला. भागीरथाही हसली. त्या हसण्यानं गोकुळाचा उरलासुरला संकोच गेला.

तिनं घोंगडीवर चिंचोके मांडले. बायका एकेक करून भोवती सरकल्या. हा कोण, ती कोण, हा कसा वारला, तिला कुठे दिली होती. गोकुळा सांगत गेली तशी कोणी आपल्या आज्याचा चिंचोका बोटानं कुरवाळू लागलं, तर कोणी आपली गुंज शोधू लागलं. भागीरथेभोवतीचा घोळका हळूहळू इकडे आला. गोकुळानं तो येताना पाहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"हे दोन लेक," ती म्हणाली. "आपल्याकडे पह्यल्या पोराचंच जावळ मार्कंड्याले निघते का नाई? बाकीच्याचं आंगनात."

"हौ, तसंच आहे," दोघीतिघी म्हणाल्या.

"मंग माह्या सासूबाईनं सांगतलं होतं मले. मार्कंड्याले जावळ निघालं ते या दुसऱ्याचं." तिनं बिरजूचा चिंचोका उचलला. आजेसासऱ्याचं नाव घेता येईना, म्हणून तो सगळ्यांपुढे धरला. "हा थोरला होय."

नदीवर कुठेतरी कोणी "हर हर महादेव" म्हणत डुबकी मारली.

"म्हणजे वैरागडची पाती थोरली," गुणवंतराव सावकाश म्हणाले. ते कचेरीतले, त्यांना मुद्दा दिसला की तो मुद्दा घरचा की परका हे दिसत नसे. "जावळाचं खरं असेल, तर गोकुळाचं म्हणणं बरोबर आहे."

भागीरथेनं नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी कोनाकडून बोलून राह्यले?"

"खऱ्याकडून."

"खऱ्याच्या घरी जेवा मंग आज!" बायका हसल्या, पण भागीरथेचा आवाज चिरला होता. ती गोकुळाकडे वळली. "गोकुळा, तुले घागर पायजे होती तर मले मांगाची होती ना. दिली असती मी. हे चिंचोके कायले मांडले चारचौघात?"

"दिली असती मी." हेच. हेच ते, जे गोकुळाला इतकी वर्षं खुपत होतं. देणारी सदा ती, मागणारी सदा आपण.

"मांगून कायले घ्याचं, बाई? आपलं असंल तर आपलं होय."

"शालिक, तुहं काय म्हननं?" बापूजींनी विचारलं.

शालिकरामनं बायकोकडे पाहिलं, मग रेतीकडे. "मले काय, काका. मले तर दोनीकडचं वरन सारखंच लागते."

"मंग मैनाले पुसा," बापूजी म्हणाले. "मी तिच्याहून लहान. आजीच्या मांडीवर ती खेळली, मी नाई."

मैना आत्या इतका वेळ घोंगडीवरच्या चिंचोक्यांकडे पाहत होती. सगळ्यांना वाटलं, तिला डुलकी लागली. तिनं वाकडं बोट पुढे करून बुधाजींच्या चिंचोक्याशेजारी टेकवलं.

"इथी एकच गुंज काऊन ठेवली, पोरी?"

"एकच होती ना, आत्या. पनजी."

"दोन होत्या."

आत्या बोलायची ती पाणी ओतल्यासारखी, मध्ये न थांबता, आवाज न चढवता.

"बुधाजीले दोन बायका. माही आजी थोरली. तिले कितीक वर्षं लेकरू नाई, म्हनून दुसरी केली. दुसरीले लवकरच पोरगा झाला. तोच बिरजू. जावळ त्याचंच निघालं इथी, खरं सांगते ही. मंग देवाले काय वाटलं कोनाले ठाऊक, आजीलेही दिवस गेले. माहा बाप तिच्या पोटात होता तवाची गोस्ट."

तिनं एक गुंज बटव्यातून स्वतःच काढली आणि हातात धरून ठेवली.

"उन्हाळा होता. दुसरीले ताप भरला. अंदर खाटेवर पडून होती. बुधाजी मोहफुलं येचाले गेला होता रानात. आजी ओसरीत बसली, जवळ घागर भरलेली. अंदरून ती पानी मांगून राह्यली. 'बाई, पानी.' आजी म्हने, मले आयकू येत होतं. मी म्हटलं, सारं घर तुह्या मांगं फिरते ना आता? मांग आनखी एकडाव. मांगू दे, मंग देतो. तिनं दुसऱ्या डावीही मांगलं. आजी म्हने, आता उठतो. आनखी एकडाव मांगू दे."

"मंग?" भागीरथेनं विचारलं. ते तिलाही ऐकू आलं नसावं.

"मंग तिनं मांगनं बंद केलं."

बापूजींच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला.

"बिरजूले आजीनंच वाढवलं," आत्या म्हणाली. "माह्या बापाच्या आधी त्याच्या तोंडात घास दे. पन थोरलीचा म्हनून लोकाईनं माह्या बापालेच थोरला म्हटलं, तिनंही म्हनू दिलं. अन् तवापासून तिनं नेम धरला. दरसाली शिवरात्रीले, आपल्या तोंडात पानी घ्याच्या आधी, घागर भराची अन् तिच्या नावानं द्याची. तिचं नाव घेऊन. तिलेच, बुधाजीले नाई. मान कायचा वं? फेड होय ते. आजीनं खाट धरली तवा माह्या मायले सांगून गेली. मायनं रुखमाले सांगतलं."

"मले माह्या बायकोनं सांगतलं नाई हे!" बापूजी म्हणाले.

"तू पुसलं होतं का?" आत्या म्हणाली.

"अन् पाया पडनं?" एकीनं भीतभीत विचारलं.

"एकीनं पायलं, दुसरीनं केलं. रुखमा अनवानी जाये, उपाशी जाये, मुकी जाये. तुमाले वाटलं तप होय. मुकी जाये, कारन सुनेले नाव घेता येत नाई. मायलेही आलं नाई, रुखमालेही आलं नाई. आजीच्या मांगं ते नाव कोनी घेतलंच नाई."

भागीरथा उठून उभी राहिली. पदर खांद्यावरून घसरला होता, तिला भान नव्हतं.

"म्हनून सासूबाई फत्तरापाशी रडत," ती म्हणाली. "मी पदरानं डोळे पुसून दिले ना त्याइचे. मले वाटे, भक्तीनं रडतात. मले वाटे, कवा माह्यावर ही पाळी येईन." मग तिचा आवाज एकदम वर गेला. "मी नाई उचलत ती घागर! माह्या लेकराइच्या डोक्यावर हे कायले? गोकुळाले पायजे ना, तिले द्या!"

"तिले कशी द्याची?" आत्या शांतपणे म्हणाली. "ज्याईनं पानी देलं नाई, त्याईनं द्याचं. वैरागडवाल्याइच्या बाईनं तर पान्याची वाट पायली."

सगळ्या माना गोकुळाकडे वळल्या. तिच्या हातात अजून बिरजूचा चिंचोका होता. ती जिंकली होती. तिची पाती थोरली ठरली होती, तिच्या चंदाचं रक्त अन्याय सोसलेल्या बाईचं ठरलं होतं, आणि घागर तिची नव्हती. कधीच होणार नव्हती. ती काही बोलणार, तोच भागीरथा पालाकडे चालू लागली. तिथे पोहोचायच्या आधीच रडू फुटून ती मध्येच रेतीत बसली. आणि सगळ्या बायका उठून तिच्याकडे धावल्या. कोणी पाणी आणलं, कोणी पाठीवर हात फिरवला. "तुह्यानं काय झालं वं यात? तुहा काय दोस?"

घोंगडीवर गोकुळा आणि तिचे चिंचोके राहिले. घराण्याचं पाप निघालं, तर त्याच्याही मधोमध भागीरथाच बसली होती. गोकुळाच्या मनात आलं आणि तिनं जीभ चावली. पण जे आलं ते आलं होतं.

दिवेलागणीच्या सुमारास भागीरथेनं रडणं थांबवलं, तोंड धुतलं आणि बापूजींच्या पाया पडून, रीत मोडून थेट त्यांनाच म्हणाली, "मी नेईन घागर, मामाजी. मुकी नाई नेनार. नाव घेऊन नेईन. पाप लागंल तर लागो." मग आत्याकडे आली. "आत्या, नाव काय तिचं?"

आत्यानं मान हलवली. "तुले नाई सांगनार मी. आजीनं मले बजावलं होतं, नाव तिच्या पातीतलं कोनी मांगाले आलं तर त्यालेच देजो. इतके वर्षं कोनी आलं नाई. कोनाले पुसाचंच नव्हतं." तिनं खूण केली. "ए पोरी, इकडे ये."

गोकुळा जवळ गेली. आत्यानं तिचं डोकं आपल्या तोंडाशी ओढलं. म्हातारीच्या श्वासाला सुपारीचा वास येत होता.

"सगुना," आत्या कानात म्हणाली. "तुही पनजेसासू सगुना. आजीनं मरताना पानी नाई मांगलं, हेच नाव घेत राह्यली." मग तिनं गोकुळाचं मनगट धरलं. "सकाळी भागीरथा पान्यात उतरंल तवा तिथी जाजो, अन् हे तिले देजो. तू देल्याशिवाय ते पानी कोनालेच पोचत नाई. देशीन ना?"

"देईन."

"मार्कंडदेवाची आन?"

गोकुळानं भागीरथेकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "हौ. आन."

भागीरथा थोड्या अंतरावर उभी राहून हे पाहत होती. तिनं गोकुळाकडे पाहून मान तुकवली, जशी आपल्यापेक्षा मोठ्या बाईपुढे तुकवतात, आणि निघून गेली.

पहाटे गोकुळाला जाग आली ती रेतीतल्या पावलांनी. बंडीखाली चंदा दोन्ही रंगांच्या बांगड्यांचा हात गालाखाली घेऊन झोपली होती. नदीवर धुकं होतं. मंदिराच्या बाजूनं पहिली घंटा झाली. पलीकडच्या पालातून भागीरथा बाहेर आली, कोऱ्या लुगड्यात, अनवाणी, काखेत घागर. तिनं इकडेतिकडे पाहिलं. वैरागडच्या बंडीकडे तिची नजर क्षणभर थांबली. मग ती नदीकडे चालू लागली.

गोकुळा हलली नाही.

सगुना. रात्री कितीदा तरी तिनं हे नाव मनात घोळवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याजवळ असं काही होतं, जे भागीरथेजवळ नव्हतं. बांगड्या नव्हेत, मुलगे नव्हेत, तहसिलीतला नवरा नव्हे. तीन अक्षरं. ती दिली की संपली. मग पुढच्या सालापासून भागीरथा फत्तरापाशी उभी राहील, मोठ्यानं नाव घेईल, तिचा आवाजही तसा गोड, आणि लोक म्हणतील, बघा, भागीरथेनं गेलेल्या बाईला नाव दिलं. सुनेनं सासूचं नाव घ्यायची हिंमत भागीरथेनंच केली, म्हणतील.

न जावं तर? आन मोडल्याचं पाप आपल्याला. तेवढं सोसता येईल. सोमवार आणखी कडक करीन. भागीरथा पाण्यात वाट पाहील, कंटाळेल, मागे फिरेल. या बंडीपाशी येईल, अशी खाली वाकेल आणि विचारील, गोकुळा, नाव सांग ना. किती गोड लागेल ते कानाला! एकदा विचारील. तेव्हा सांगेन. नाहीतर आणखी एकदा विचारू दे...

गोकुळा ताडकन उठून बसली, डोकं बंडीच्या लाकडावर आपटलं.

तिनं श्वास धरून ऐकलं. नदीकडून काहीच आवाज येत नव्हता, ना पाण्याचा, ना माणसाचा. तिनं चंदाच्या अंगावर आपली गोधडी सारली. शालिकराम कुशीवर वळला, पुटपुटला, "काय झालं वं?"

"काई नाई. निजा तुमी."

बंडीच्या साट्याला धरून ती बाहेर आली. वहाणा घातल्या नाहीत. झोपलेल्या माणसांच्या मधून, विझलेल्या चुलींच्या कडेनं, कोणाच्या पायाला पाय न लागू देता ती चालली. रेती थंडगार होती. पुढे धुक्यात भागीरथेची पाठ दिसत होती. ती गुडघाभर पाण्यात उभी होती, घागर तशीच काखेत, न भरलेली. ती मागे वळून पाहत नव्हती. ती हाकही मारणार नव्हती.

गोकुळानं पदर कमरेला खोचला, ओठांवरून जीभ फिरवली, जे नाव त्या थोरलीनंतर निकुऱ्यांच्या कोणत्याही सुनेनं उच्चारलं नव्हतं ते तोंडात जुळवून पाहिलं, आणि पाण्याच्या दिशेनं पावलं उचलली.